तुरुंगाच्या आधाराने जगणारी गावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उत्तर न्यूयॉर्कमध्ये, ॲडिरॉन्डॅक डोंगरांच्या बाजूला, एका लहान गावात आम्ही नऊ वर्षं राहिलो. नवरा तिथल्या दवाखान्यात डॉक्टर होता आणि मी गावच्या वाचनालयात काम करायचे. गावाबाहेर सहा किलोमीटरवर राज्य सरकारचा तुरुंग होता. त्या गावाबद्दल लिहायला लागल्यापासून मला पत्रं येतात आणि त्यांतले प्रश्न बहुतेक तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. "तुरुंगाचं गाव" म्हणजे काय? तुरुंग तर आपल्याकडेही असतात.

ज्या गावाचा मुख्य पगार तुरुंगातून येतो, ते तुरुंगाचं गाव. साखर कारखान्यावर जगणारं गाव आपल्याला माहीत असतं, तसंच हे. अमेरिकेत १९७० साली सगळे मिळून ५११ तुरुंग होते. २००० सालापर्यंत ही संख्या १,६०० च्या वर गेली आणि नवे तुरुंग बहुतांशी ग्रामीण भागात झाले. १९९० च्या दशकात तर सरासरी दर पंधरा दिवसांनी ग्रामीण अमेरिकेत कुठे ना कुठे एक नवा तुरुंग उघडत होता. हजार-दोन हजार वस्तीच्या गावाशेजारी हजारभर कैद्यांची आणि काहीशे नोकरांची दुसरी वस्ती उभी राहते, तेव्हा गावाचं पाणी, रस्ते, शाळा, निवडणूक, लग्नं जमण्याची पद्धत, सगळंच बदलतं.

२. गुन्हे शहरात होतात, मग तुरुंग खेड्यात का?

कारण खेड्यात जमीन स्वस्त होती आणि तिथे हाताला काम नव्हतं. न्यूयॉर्कचंच बघा. १९७३ साली गव्हर्नर रॉकफेलर यांच्या काळात अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदे आले. थोडासा माल बाळगणाऱ्यालाही लांब शिक्षा होऊ लागली. कैदी वाढले, ते मुख्यतः न्यूयॉर्क शहरातल्या गरीब, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांमधले. त्याच काळात राज्याच्या उत्तर भागातल्या खाणी, कागद गिरण्या आणि दुधाचे गोठे बंद पडत होते. शहरात तुरुंग बांधायचा म्हटलं की विरोध होई. उत्तरेकडचे आमदार मात्र "आमच्याकडे द्या" म्हणत होते. लेक प्लॅसिडजवळ रे ब्रुक इथे १९८० च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी खेळाडूंची निवासस्थानं बांधली, ती स्पर्धेनंतर केंद्र सरकारचा तुरुंग होणार हे आधीच ठरलेलं होतं. पैसा त्याच अटीवर मिळाला होता.

३. गावं खरंच स्वतःहून तुरुंग मागतात? हे पटत नाही.

मलाही आधी पटलं नव्हतं. पण कोलोरॅडोतल्या फ्लॉरेन्सच्या लोकांनी वर्गणी काढून ६०० एकर जमीन घेतली आणि केंद्र सरकारला देऊन टाकली. का, तर इथे तुरुंग बांधा म्हणून. त्या जागेवर आज चार तुरुंगांचा संच आहे. देशातला सर्वांत कडक बंदोबस्ताचा "सुपरमॅक्स" तुरुंग त्यातलाच, १९९४ साली उघडलेला. देवळासाठी, शाळेसाठी वर्गणी काढणारी गावं आपण पाहिली आहेत. तुरुंगासाठी वर्गणी काढायची पाळी ज्यांच्यावर येते, त्या लोकांना नावं ठेवण्याआधी त्यांच्या पोरांना दुसरं कोणतं काम मिळत होतं ते विचारायला हवं.

४. पण नोकऱ्या मिळतात ना?

मिळतात. पगार बरा, आरोग्य विमा आहे, पंचवीस वर्षांनी पेन्शन आहे. जिथे दुसरीकडे ताशी मजुरीवर दुकानात उभं राहावं लागतं, तिथे ही नोकरी म्हणजे सोन्याहून पिवळं. आमच्या वाचनालयात कथा-कादंबऱ्यांपेक्षा जास्त फिरणारं पुस्तक होतं गार्डच्या भरती परीक्षेचं गाईड. मी त्याच्या पाठीला तीनदा चिकटपट्टी लावली. मुलं बारावी झाली की ते न्यायची, आणि आई परत करायला यायची.

पण पुढची गोष्ट गावाला उशिरा कळली. परीक्षा पास झालेल्या पोराला गावच्या तुरुंगात नेमणूक मिळत नाही. त्याला आधी दक्षिणेला, न्यूयॉर्क शहराजवळ सिंग सिंगसारख्या तुरुंगात पाठवतात. तिथे चार जणांनी मिळून खोली घ्यायची, सुट्टीला पाच-सहा तास गाडी चालवून घरी यायचं आणि ज्येष्ठतेच्या यादीत आपला नंबर कधी लागतो याची वाट बघायची. त्यात वर्षं जातात. दरम्यान गावच्या तुरुंगातल्या जागा ज्येष्ठतेने आलेल्या बाहेरच्या लोकांनी भरलेल्या असतात. ते पन्नास-साठ किलोमीटरवरच्या मोठ्या गावात राहतात. दुपारी तीनला पाळी बदलायची. अडीचला गाड्यांची एक रांग गावातून आत जाई आणि सव्वातीनला दुसरी बाहेर पडे. पेट्रोल पंपावर कॉफीपुरत्या थांबल्या तर थांबल्या.

अभ्यासकांनाही मोठा फायदा सापडलेला नाही. न्यूयॉर्कच्या ग्रामीण काउंट्यांचा (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पंचवीस वर्षांचा हिशेब सेंटेन्सिंग प्रोजेक्ट या संस्थेने २००३ साली मांडला. तुरुंग असलेल्या आणि नसलेल्या काउंट्यांत बेकारी आणि दरडोई उत्पन्न यांचा सांगण्यासारखा फरक त्यांना दिसला नाही. समाजशास्त्रज्ञ ग्रेगरी हुक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या काउंट्या तपासल्या. आधीच मागे पडलेल्या काउंट्यांत तुरुंगाने वाढीला उलट खीळ बसलेली दिसली. एक कारण असं की रस्ता, पाणी आणि सांडपाणी यांवरचा गावचा सगळा पैसा एकाच गिऱ्हाइकासाठी खर्च होतो आणि दुसरा उद्योग आणायला हातात काही उरत नाही.

५. किराणावाला, हॉटेलवाला, वाणसामान पुरवणारा, यांचा धंदा तरी वाढत असेल?

फार कमी. हजार माणसांचं जेवण म्हटल्यावर गावच्या बेकरीवाल्याला वाटतं पाव आपल्याकडून जाईल. पण राज्य सरकारची खरेदी ठोक कंत्राटाने एकाच जागेवरून होते. शिवाय सरकारी तुरुंगाच्या जमिनीवर घरपट्टी-जमीनपट्टी लागत नाही, म्हणजे शाळेला आणि ग्रामसभेला त्या शेकडो एकरांतून काहीच मिळत नाही. पाण्याचं आणि सांडपाण्याचं बिल मात्र मोठं असतं. अनेक गावांची जलशुद्धीकरण योजना त्या एका बिलावर चालते. बिल भरणारा गेला की काय होतं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. कैद्यांकडून गावची कामं करून घेतात म्हणे?

हो. गवत कापणं, बर्फ उपसणं, दफनभूमीची देखभाल, चर्चला रंग देणं अशी कामं कमी सुरक्षेच्या तुरुंगातले कैदी अगदी नाममात्र मजुरीवर करतात. कॅलिफोर्नियात तर वणवे विझवण्याचं प्रशिक्षण देऊन त्यांना आगीवर पाठवतात आणि सुझनव्हिलचा तुरुंग हे त्याचं मोठं केंद्र होतं. गावाला याची सवय लागते. ज्या कामाला पूर्वी नगरपालिका दोन माणसं ठेवायची, ती जागा मग भरलीच जात नाही. आमच्या गावचा कब्रस्तान सांभाळणारा म्हातारा निवृत्त झाला. त्याच्या जागी पगारी माणूस कधीच आला नाही.

७. कैद्यांना गावच्या लोकसंख्येत मोजतात, हे खरं आहे का? त्याने काय बिघडतं?

खरं आहे. अमेरिकेची जनगणना माणूस त्या दिवशी जिथे राहतो तिथे त्याला मोजते, म्हणून न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचा कैदी कॅनडाच्या सीमेवरच्या काउंटीचा रहिवासी ठरतो. लोकसंख्येवर मतदारसंघ आखतात. म्हणजे ज्यांना तिथे मत नाही, त्यांच्या डोक्यांच्या जोरावर बाकीच्यांच्या मताचं वजन वाढतं.

सर्वांत डोळे उघडणारं उदाहरण आयोवातल्या ॲनामोसाचं. तिथल्या दुसऱ्या वॉर्डात जवळपास चौदाशे माणसं होती, त्यांतली तेराशेवर तुरुंगात. २००५ साली त्या वॉर्डातून एकही उमेदवार उभा नव्हता. एका माणसाच्या बायकोने आणि शेजाऱ्याने मतपत्रिकेवर त्याचं नाव हाताने लिहिलं आणि तो त्या दोन मतांवर नगरसेवक झाला. नंतर गावाने वॉर्डपद्धतच बदलली.

मेरीलँड आणि न्यूयॉर्कने २०१० साली कायदा करून मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या मूळ पत्त्यावर मोजायचं ठरवलं. पुढे डझनभर राज्यं त्याच वाटेने गेली. जनगणनेचा मूळ आकडा मात्र तसाच राहतो, आणि तो किती फसवा असू शकतो हे मिनेसोटातल्या ॲपलटनवरून कळतं. २००० साली तिथली लोकसंख्या २,८०० च्या वर होती, २०१० साली १,४०० च्या आसपास. तुरुंग २०१० च्या फेब्रुवारीत बंद झाला आणि जनगणना एप्रिलमध्ये झाली. घरं तीच होती, आकडा निम्मा झाला.

८. मग हे कैदी मत देतात का?

बहुतेक राज्यांत नाही. मेन आणि व्हर्मांट ही दोन राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन इथे तुरुंगातूनही मत देता येतं. मेन आणि व्हर्मांटमध्येही ते मत तुरुंगाच्या गावात पडत नाही, कैद्याच्या आधीच्या पत्त्यावर जातं.

९. कैद्यांच्या घरच्यांचं काय? ते एवढ्या लांब कसे येतात?

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागतो. न्यूयॉर्क शहरातून रात्री बस निघते आणि पहाटे उत्तरेला पोचते. राज्य सरकार पूर्वी मोफत बस चालवायचं, ती २०११ साली बंद झाली. आता खासगी बसचं तिकीट काढावं लागतं. पेट्रोल पंपाच्या बाथरूममध्ये बायका तोंड धुतात, मुलांचे केस विंचरतात, कपडे बदलतात. कपड्यांचे नियम कडक असतात आणि अंतर्वस्त्रातल्या तारेनेही धातुशोधक यंत्र वाजतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी वाचनालय उघडायला गेले, तर पायरीवर एक आजी आणि सहा-सात वर्षांचा नातू बसलेला. आत काही गडबड झाल्यामुळे त्या दिवशीच्या भेटी रद्द झाल्या होत्या आणि परतीची बस संध्याकाळी होती. मुलाच्या हातात वडिलांसाठी काढलेलं चित्र होतं, प्लास्टिकच्या पिशवीत, ओलं होऊ नये म्हणून. आजी दिवसभर हीटरजवळच्या खुर्चीत बसून राहिली. मी डब्यातली पोळी-भाजी दिली, ती मुलाने सगळी खाल्ली. जाताना आजीने मला विचारलं, "तुम्ही इथल्याच का?" मला पटकन उत्तर देता आलं नाही.

गावाच्या अर्थव्यवस्थेच्या हिशेबात हे लोक "मोटेलचे गिऱ्हाईक" म्हणून येतात. प्रत्यक्षात बहुतेक जण मुक्काम करत नाहीत, कारण तेवढे पैसे नसतात.

१०. तिथे राहायला भीती वाटत नाही? कैदी पळाले तर?

पळण्याचे प्रसंग फार क्वचित येतात. सर्वांत गाजलेला उत्तर न्यूयॉर्कमधल्या डॅनमोराचा. १८४५ सालचा हा तुरुंग, "लिटल सायबेरिया" नावाने ओळखला जाणारा. त्याची उंच भिंत थेट गावच्या मुख्य रस्त्याला लागून आहे. जून २०१५ मध्ये दोन खुनी भिंती आणि पाइप कापून रस्त्यावरच्या मॅनहोलमधून बाहेर आले. तीन आठवडे सगळा भाग पोलिसांनी भरला होता. शेवटी एक मारला गेला, दुसरा कॅनडाच्या सीमेजवळ सापडला. त्या दिवसांत लोकांनी दारांना कड्या लावल्या. एरवी तिकडे कोणी कुलूपही लावत नाही.

रोजचा त्रास वेगळा असतो आणि तो घरात येतो. आठ तास संशयाने बघायची सवय झालेला माणूस घरी आल्यावरही तसाच बघतो. हॉटेलात बसताना पाठ भिंतीला लावून बसतो. सक्तीचा ओव्हरटाइम लागला की सोळा तास, कधी चोवीस. नवऱ्याच्या दवाखान्यात रक्तदाब, निद्रानाश आणि दारू या तक्रारींची माणसं सर्वांत जास्त याच नोकरीतली. आतल्या कैद्यांचे हाल याहून कितीतरी मोठे, हे सांगायला नको. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्याच मार्सी इथल्या तुरुंगात गार्डांच्या मारहाणीने एक कैदी मेला आणि ते चित्रण सगळ्यांनी पाहिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यभरचे गार्ड अपुरी भरती आणि ओव्हरटाइमवरून बेकायदा संपावर गेले. नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे सैनिक तुरुंगांत तैनात झाले आणि संप मिटला तेव्हा दोन हजारांवर लोकांची नोकरी गेली. त्यांतले कितीतरी अशाच गावांतले.

११. तुरुंग बंद झाला तर गावाचं काय होतं?

कॅलिफोर्नियाच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सुझनव्हिलने हे अनुभवलं आहे. लाकूड गिरण्यांचं गाव. १९६३ साली पहिला तुरुंग आला, १९९५ साली दुसरा, आणि २००४ साली शेवटची मोठी गिरणी बंद झाली. काही काळ तर जनगणनेत गावची जवळपास निम्मी माणसं तुरुंगातली होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्याने पहिला तुरुंग बंद करण्याची घोषणा केली. गाव कोर्टात गेलं, काही काळ स्थगितीही मिळाली, पण जून २०२३ मध्ये तुरुंग बंद झाला. हजारावर नोकऱ्या तिथे होत्या. पगारदार बदली घेऊन दुसरीकडे गेले आणि त्यांच्याबरोबर शाळेतली मुलं, फुटबॉलच्या संघाचे प्रशिक्षक आणि घरांचे खरेदीदार गेले.

न्यूयॉर्कमध्ये कैद्यांची संख्या १९९९ साली ७२ हजारांवर होती, आता निम्म्याहून कमी आहे. आनंदाची गोष्ट आहे. पण त्यामुळे २०११ पासून दोन डझनांच्या आसपास तुरुंग बंद झाले आणि अलीकडे गावाला ९० दिवसांची नोटीस मिळते. चाळीस वर्षांत गावाने ज्याच्याभोवती आयुष्य बांधलं, ते आवरायला तीन महिने. कैदी कमी व्हावेत असं मला मनापासून वाटतं, आणि ते कमी होताना या गावांना दुसरं काम देण्याची जबाबदारी त्यांना तुरुंग देणाऱ्या सरकारचीच आहे असंही वाटतं. रिकाम्या इमारती बहुधा तशाच पडून राहतात. हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून त्या गरम ठेवाव्या लागतात, त्याचाही खर्च येतो.

१२. तुरुंग बांधला आणि कैदीच आले नाहीत, असं होतं का?

होतं. इलिनॉयमधलं थॉमसन सहाशेही वस्ती नसलेलं गाव. राज्याने सुमारे १४ कोटी डॉलर खर्चून बांधलेला तुरुंग २००१ साली तयार झाला, पण चालवायला पैसे नव्हते. वर्षानुवर्षं तो जवळपास रिकामा होता आणि त्याच्या भरवशावर दुकानं काढणारे बुडाले. शेवटी २०१२ साली केंद्र सरकारने तो विकत घेतला.

गावाने स्वतः कर्ज काढलं असेल तर गोष्ट आणखी वाईट. मोंटानातल्या हार्डिनने २.७ कोटी डॉलरचे रोखे काढून ४६४ खाटांचा तुरुंग बांधला. २००७ साली तो तयार झाला आणि कैदी मिळेनात. गावाने ग्वांटानामोच्या लष्करी तुरुंगातले, दहशतवादाचा संशय असलेले कैदीसुद्धा मागितले. मग एका भामट्याने सुरक्षा कंपनीचा मालक म्हणून येऊन मोठमोठी आश्वासनं दिली आणि गावच्या पोलिसांचं नाव रंगवलेल्या मर्सिडीज गाड्या आणून उभ्या केल्या. गावाला स्वतःचं पोलिस खातंही नव्हतं. टेक्ससमधल्या लिटलफील्डचा तुरुंग चालवणारी खासगी कंपनी २००९ साली निघून गेली. कर्ज गावाच्या नावावर होतं, ते फेडायला करवाढ झाली आणि पाणीपट्टी वाढली.

१३. खासगी तुरुंग आणि सरकारी तुरुंग यांत गावासाठी फरक काय?

खासगी तुरुंग बहुधा कर भरतो, पण पगार कमी देतो आणि कंत्राट संपलं की जातो. ॲपलटन (प्रश्न ७) आणि लिटलफील्ड (प्रश्न १२) दोन्ही त्यातलेच. अमेरिकेतले बहुसंख्य कैदी आजही सरकारी तुरुंगातच आहेत, त्यामुळे सगळा दोष खासगी कंपन्यांवर टाकून चालत नाही.

१४. कोळसा खाणी बंद पडलेल्या भागात तुरुंग हाच पर्याय, असं वाचलं. बरोबर आहे का?

पूर्व केंटकीत तीस वर्षं हेच सांगितलं जातंय. डोंगराचा माथा उडवून कोळसा काढला की सपाट जागा उरते, त्यावर तुरुंग. आयनेझजवळच्या बिग सँडी तुरुंगाचं बांधकाम खणलेल्या जमिनीत खचायला लागलं, तेव्हा सिंग सिंग (प्रश्न ४) या नावावर कोटी करून लोकांनी त्याला "सिंक सिंक" म्हणायला सुरुवात केली (सिंक म्हणजे खचणं). तो २००३ साली उघडला. मक्रीरी काउंटीत २००४ साली तुरुंग आला, आणि ती काउंटी आजही केंटकीतल्या सर्वांत गरीब काउंट्यांत आहे. तरी लेचर काउंटीत ५० कोटी डॉलरच्या आसपास खर्चाचा नवा तुरुंग आणण्याचे प्रयत्न चालू आहेत. तिथले काही गावकरी विचारतात की एवढा पैसा आहे तर पिण्याच्या पाण्याचे नळ का नाहीत. मला त्यांचं म्हणणं बरोबर वाटतं.

१५. एकाही गावाला फायदा झाला नाही, असं म्हणायचंय का?

नाही. समाजशास्त्रज्ञ जॉन ईसन यांनी आर्कान्सातल्या फॉरेस्ट सिटीत राहून अभ्यास केला. त्यांचं म्हणणं, दक्षिणेतल्या फार गरीब गावांची घसरण तुरुंगाने काही काळ तरी थांबते, आणि तिथल्या गार्डांत कृष्णवर्णीय लोकही बरेच असतात, त्यामुळे "गोरे गार्ड, काळे कैदी" हे न्यूयॉर्कचं चित्र सगळीकडे लावू नये. बुडणाऱ्याला काडीचा आधारही आधारच असतो, तेवढं मान्य करायला हवं. टेक्ससमधलं हंट्सव्हिल १८४९ पासून तुरुंगाबरोबर वाढलं, पण तिथे तुरुंग खात्याची कचेरी आणि विद्यापीठही आहे.

१६. महाराष्ट्रात अशी गावं का झाली नाहीत?

मुख्य कारण कच्चे कैदी. २०२२ च्या अखेरीस भारतात ५ लाख ७३ हजार कैदी होते आणि त्यांतले चारांत तीन खटला चालू असलेले. त्यांना तारखेला कोर्टात हजर करावं लागतं, म्हणून तुरुंग जिल्ह्याच्या ठिकाणी, कोर्टाजवळ असतो. येरवडा १८७१ साली पुण्याबाहेर बांधला, पुढे शहरच त्याच्याभोवती पसरलं. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली सुरू केलेली ही खुली वसाहत, तिथे कैदी कुटुंबासह राहतात आणि शेती करतात. तिथल्या कैद्याला भेटायला त्याच्या मुलाला रात्रभर बसमध्ये बसावं लागत नाही. ते पोर त्याच्याजवळच झोपतं.

१७. मुलाला अशाच एका गावात डॉक्टरची नोकरी मिळतेय, व्हिसाचंही काम होतंय. जावं का?

डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की परदेशी डॉक्टरांना मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट मिळते. आम्हीही तसेच गेलो. जायला हरकत नाही, माणसं चांगली असतात. लोकसंख्येच्या आकड्यातून कैदी वजा करून खरं गाव केवढं ते बघा (प्रश्न ७). तुरुंग बंद होण्याच्या यादीत आहे का ते स्थानिक वर्तमानपत्रात शोधा, कारण तुरुंग गेला की विमा असलेले पेशंट जातात आणि पाठोपाठ दवाखाना अडचणीत येतो. घर लगेच विकत घेऊ नका. बर्फाचे टायर ऑक्टोबरातच लावा. आणि शनिवारी पहाटे पेट्रोल पंपावर लहान मुलं घेऊन उभ्या असलेल्या बायका दिसल्या, तर त्यांना विचारा गाडीने कुठे सोडू का. तुरुंग गावापासून लांब असतो आणि फूटपाथ तिथपर्यंत जात नाही.